मागचा आस कुणी सावरला? घरी बांधलेल्या मोटारींच्या एका सांध्याचा इतिहास

१/
इ. स. १९५७. इंग्लंडमधील लोटस या लहानशा कंपनीच्या 'सेव्हन' नावाच्या दोन आसनी गाडीला दोन किमती होत्या. कारखान्यात जोडलेली, करासह घेतली तर १,०३६ पौंड. तीच गाडी सुट्या भागांच्या रूपात नेऊन घरी स्वतः जोडली तर ५३६ पौंड. या पाचशे पौंडांच्या अंतराने कित्येक सामान्य पगारदार तरुणांच्या हाती पाना दिला आणि घरामागच्या पडवीचे रूपांतर कार्यशाळेत केले. आजचा धागा त्या तरुणांविषयी आहे आणि त्यांच्या गाडीच्या एका दुर्लक्षित अवयवाविषयी आहे : मागचे सस्पेन्शन.

२/
एवढा मोठा इतिहास सोडून गाडीच्या बुडाशी का वाकायचे? कारण घरी बांधलेल्या मोटारींची कथा बहुधा एकाच नावाभोवती फिरते : लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमन. त्याची प्रतिभा वादातीत आहे. परंतु त्याने कागदावर रेखाटलेली रचना रस्त्यावर टिकवण्याचे काम पुष्कळदा दुसऱ्यांनी केले आणि त्या दुसऱ्यांची नावे ग्रंथांत आढळत नाहीत. त्यांच्या कामाचा पुरावा मात्र शिल्लक आहे. तो मागच्या आसावर, वेल्डिंगच्या रेघांत लिहिलेला आहे. तो वाचायचा तर आधी थोडी पार्श्वभूमी हवी.

३/
प्रथम कर. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, ब्रिटनने 'पर्चेस टॅक्स' हा खरेदीकर लागू केला. युद्ध संपले, कर राहिला. १९५७ मध्ये मोटारींवर तो घाऊक किमतीच्या ६० टक्के होता. मात्र हा कर तयार गाडीवर होता. सुटे भाग विकत घेऊन ग्राहकाने स्वतः गाडी जोडली, तर तो लागत नसे. असे सांगतात की, भागांसोबत जोडणीची सूचनापत्रिका देणेही नियमात बसत नव्हते, म्हणून काही विक्रेते गाडी 'सुटी कशी करावी' याची पत्रिका देत आणि ग्राहक ती शेवटाकडून सुरुवातीकडे वाचत. आख्यायिका असो वा सत्य, त्या काळाचा स्वभाव तीत नेमका उतरला आहे.

४/
दुसरे कारण टंचाईचे. युद्धोत्तर ब्रिटनला परकीय चलन हवे होते, त्यामुळे नव्या गाड्यांपैकी मोठा वाटा निर्यातीसाठी जाई. पेट्रोलवरील नियंत्रण मे १९५० पर्यंत चालले आणि सुएझ प्रकरणानंतर १९५६-५७ च्या हिवाळ्यात ते पुन्हा आले. नवी गाडी मिळणे अवघड, पण भंगाराच्या अड्ड्यावर युद्धपूर्व गाड्यांचे आस, इंजिने, चाके विपुल. त्यामुळे घरगुती मोटारबांधणीचा पहिला नियम ठरून गेला : जो भाग हाताशी आहे, त्याच्याकडून काम करून घ्यायचे. मग तो भाग मुळात त्या कामासाठी घडवलेला असो वा नसो. पुढची सारी कथा या नियमाची आहे.

५/
आता सस्पेन्शन म्हणजे काय, ते थोडक्यात. (कोशात त्याला 'निलंबन' असा प्रतिशब्द आहे, पण तो वाचला की गाडीऐवजी सरकारी कर्मचारी डोळ्यांसमोर येतो. म्हणून येथे सस्पेन्शनच.) जुन्या पद्धतीच्या गाडीत मागची दोन चाके एकाच अखंड आसाने जोडलेली असतात आणि आसाच्या मध्यभागी डिफरन्शियलचा गोळा असतो. या आसावर चार प्रकारचे जोर येतात. खड्ड्यामुळे खालीवर. वेग घेताना आणि ब्रेक लावताना पुढेमागे. वळणावर आडवा. आणि चौथा, सहसा न दिसणारा : इंजिन चाके फिरवू लागते, तेव्हा आस स्वतःच उलट दिशेने फिरू पाहतो.

६/
हे चारही जोर एकट्याने पेलणारा जुना सेवक म्हणजे पाटा. उभ्या असलेल्या एखाद्या टेम्पोच्या मागे वाकून पाहा. एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या आणि त्यांच्या मध्यावर बांधलेला आस दिसेल. कुर्ल्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या मागेही हीच व्यवस्था होती. पाटा लवतो म्हणून स्प्रिंग. त्याचे एक टोक चौकटीशी जखडलेले म्हणून आस पुढेमागे जात नाही. त्याला रुंदी आहे म्हणून आडवा जोरही सोसतो. आणि आसाच्या फिरण्यालाही तोच रोखतो. चारही कामे तो करतो, पण एकही उत्तम करत नाही. शिवाय तो जड असतो.

७/
हलकी, वेगवान गाडी हवी असलेल्या तरुणाला पाटा नकोसा होई. त्याऐवजी तो गुंडाळीची स्प्रिंग बसवी, जशी मोटारसायकलला असते. येथेच सापळा होता. गुंडाळीची स्प्रिंग फक्त खालीवर जोर घेते. उरलेले तीन जोर कुणी घ्यायचे? त्यासाठी दांडे, सांधे, ब्रॅकेटे यांची स्वतंत्र योजना लागते. प्रत्येक जोराला चौकटीपर्यंत पोहोचण्याचा ठरलेला मार्ग द्यावा लागतो. जोराला मार्ग दिला नाही, तर तो स्वतः शोधतो. तो सापडतो बहुधा सर्वांत दुबळ्या ठिकाणातून. घरी बांधलेल्या सस्पेन्शनचा सारा इतिहास या एका वाक्यात सामावतो.

८/
या शाळेचे पहिले पाठ्यपुस्तक ऑस्टिन सेव्हन. १९२२ ते १९३९ या काळात या छोट्या गाडीच्या सुमारे २ लाख ९० हजार प्रती निघाल्या. म्हणून युद्धानंतर ती कवडीमोलाने मिळे. १९३९ मध्ये स्थापन झालेल्या '७५० मोटर क्लब'च्या सभासदांनी तिच्यावर शर्यतीच्या गाड्या उभारल्या. तिच्या मागच्या बाजूस अर्धवट लांबीचे पाटे होते : जाड टोक चौकटीत घट्ट, बारीक टोकावर आस. वळणावर गाडी कलली की बाहेरचा पाटा सपाट होई, आस त्या बाजूने किंचित मागे सरके आणि गाडीचा मागचा भाग आपणहून बाहेर वळू लागे. पाटे आधीच सपाट करून घेणे हा शर्यतवाल्यांचा पहिला उपाय. तोडमोडीतून भूमिती शिकणारी ही पिढी होती.

९/
१९४६. लंडनजवळच्या सर्बिटन येथील एका गॅरेजमध्ये चार्ल्स कूपर आणि त्याचा मुलगा जॉन शर्यतीची स्वस्त गाडी बांधत होते. इंजिन जॅप कंपनीचे, मोटारसायकलचे, ५०० घनसेंटिमीटरचे. साखळीने मागची चाके फिरवायची म्हणून ते चालकाच्या मागे ठेवणे सोयीचे. पण मागचे सस्पेन्शन कुठून आणायचे? त्यांनी 'टोपोलिनो' या टोपणनावाच्या फियाट ५०० गाडीचे पुढचे टोक घेतले. मग तशाच दुसऱ्या गाडीचे पुढचे टोक घेतले. दोन्ही पाठीला पाठ लावून जोडली. म्हणजे दुसरे 'पुढचे' सस्पेन्शन मागे गेले. एक आडवा पाटा पुढे, एक आडवा पाटा मागे आणि चारही चाके स्वतंत्रपणे खालीवर होणारी.

१०/
गरजेपोटी केलेल्या या जुगाडाचे पुढे काय झाले? जानेवारी १९५८ मध्ये स्टर्लिंग मॉसने मागे इंजिन असलेल्या कूपर गाडीतून अर्जेंटिनाची ग्रां प्री जिंकली. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतील अशा गाडीचा तो पहिला विजय. १९५९ आणि १९६० मध्ये जॅक ब्रॅबम कूपरमधूनच जगज्जेता ठरला. १९५९ च्या त्या गाडीच्या मागेही आडवा पाटाच होता. सर्बिटनच्या गॅरेजमधील तडजोडीचा वंशज तेरा वर्षांनी जगातील सर्वांत प्रगत शर्यतीत अग्रभागी धावत होता. इंजिन मागे ठेवण्याची ती प्रथा आजवर चालू आहे.

११/
आता चॅपमन. जन्म १९२८, शिक्षण लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात, विषय अभियांत्रिकी आणि कल बांधकामाच्या रचनेकडे. त्याची पहिली गाडी १९४८ ची, जुन्या ऑस्टिन सेव्हनवर उभारलेली. ती बांधली त्याच्या भावी पत्नीच्या, हेझेल विल्यम्सच्या, आईवडिलांच्या घरामागील गॅरेजात. १९५२ च्या आरंभी लोटस इंजिनिअरिंग कंपनी स्थापन झाली, तीही हेझेलने दिलेल्या २५ पौंडांच्या बळावर. तिचा पत्ता होता हॉर्नसीमधील चॅपमनच्या वडिलांच्या मद्यगृहामागचा जुना तबेला. पूल बांधणाऱ्याची नजर घेऊन हा माणूस मोटारीकडे आला, हे लक्षात ठेवा. त्याला गाडीत जोरांचे मार्ग दिसत.

१२/
त्याच वर्षी आलेल्या 'मार्क सिक्स'ची चौकट बारीक नळ्यांच्या त्रिकोणांची होती. वजन सुमारे २५ किलो. चौकोन दाबला तर तिरका होतो, त्रिकोण होत नाही, हे शाळेतील तत्त्व तिच्यात अंगभर पसरलेले होते. इंजिन आणि मागचा आस ग्राहकाने जुन्या फोर्डमधून आणायचा. आसावर गुंडाळीच्या स्प्रिंगा आणि तो आडवा सरकू नये म्हणून एक दांडा. अशा सुमारे शंभर गाड्या बनल्या, बहुतेक सुट्या भागांच्या रूपात गेल्या. पगारी कारागीर आणि हौशी ग्राहक यांच्यातील सीमारेषा येथे पुसट होऊ लागली.

१३/
१९५७ च्या 'सेव्हन'ची पहिली आवृत्ती याच कुळातली. मागे अखंड आस, तोही परक्या घरचा : नॅश मेट्रोपॉलिटन या छोट्या गाडीचा. त्याला सावरण्याची योजना स्वच्छ होती. प्रत्येक बाजूला दोन समांतर दांडे, एक वर, एक खाली. ते पुढेमागे जाणारा जोर आणि आसाचे फिरणे रोखत. आडव्या जोरासाठी एक तिरका दांडा. खालीवर जोरासाठी गुंडाळीच्या स्प्रिंगा. चार जोर, चार मार्ग, प्रत्येकाचा स्वतंत्र. अशा सुमारे २४० गाड्या बनल्या.

१४/
पण चॅपमनच्या मनात तेव्हा दुसरीच कल्पना रुजली होती : एका भागाकडून दोन कामे. लोटस ट्वेल्व्ह या शर्यतीच्या गाडीत आणि १९५७ च्या अखेरीस प्रदर्शित झालेल्या 'एलीट'मध्ये त्याने मागच्या चाकाला फिरवणारा दांडा, म्हणजे हाफशाफ्ट, चाकाला आडवे धरून ठेवण्यासाठीही वापरला. एक दांडा वाचला, वजन वाचले. या रचनेला पुढे 'चॅपमन स्ट्रट' असे नाव पडले. सुंदर कल्पना. मात्र तिची एक अट आहे : दुसरे काम पेलण्याची ताकद त्या भागात असली पाहिजे.

१५/
१९६० मध्ये सेव्हनची दुसरी आवृत्ती आली, तेव्हा हेतू होता खर्च आणखी कमी करण्याचा. मागचा आस या वेळी स्टँडर्ड कंपॅनियन या साध्या कौटुंबिक गाडीचा. (याच स्टँडर्ड कंपनीच्या गाड्या त्या काळात मद्रासमध्येही तयार होत होत्या.) त्याला धरण्यासाठी वरच्या बाजूस दोन दांडे आणि खाली इंग्रजी ए अक्षराच्या आकाराची एक चौकट. 'ए'चे दोन पाय गाडीच्या सांगाड्याला, शेंडा डिफरन्शियलच्या कवचाला खालून. पुढेमागे, आडवा आणि फिरण्याचा असे तिन्ही जोर रोखण्याचे काम या चौकटीत गुंफलेले. कागदावर पाहिले तर त्रिकोणाचे तत्त्व येथेही पाळलेले आहे आणि तुकडे कमी झाले आहेत.

१६/
चूक त्रिकोणात नव्हती, त्याच्या शेंड्याखाली होती. डिफरन्शियलचे कवच कशासाठी घडवलेले असते? आतली दातेरी चक्रे जागेवर ठेवण्यासाठी आणि तेल साठवण्यासाठी. मूळ गाडीत आसाला धरणारे पाटे दूर, दोन्ही टोकांजवळ होते. मधल्या कवचाला कुणी ओढत नसे. आता सारा ताण नेमका त्याच्यावर आला. कवच प्रत्येक वळणावर किंचित पिळले जाई, जोड सैल होत, तेल झिरपे. ते खालच्या रबरी बुशवर पडे. तेलाने रबर मऊ होई, सांधा ढिला पडे, आस अधिक हिंदकळे आणि कवचाला अधिक धक्के बसत. दोषच दोषाला पोसत होता. तेल संपत आले, तर आतली चक्रेही जात.

१७/
हा हौशी जोडणाऱ्यांच्या हातचा दोष होता, असे कुणी म्हणेल. म्हणून दुसरा साक्षीदार पाहू. १९६३ मध्ये लोटस आणि फोर्ड यांनी मिळून 'लोटस कॉर्टिना' आणली. मागे तशीच ए-चौकट, गुंडाळीच्या स्प्रिंगा आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे कवच. गाडी शर्यतीत तेजस्वी ठरली, १९६४ चे ब्रिटिश सलून अजिंक्यपद जिम क्लार्कने तिच्यातूनच जिंकले. पण रोजच्या रस्त्यावर तीच तक्रार : कवचाचे बोल्ट सैल, तेलगळती, मऊ पडलेले बुश. १९६५ च्या मध्यास फोर्डने ए-चौकट काढून टाकली आणि परत पाटे बसवले, सोबत दोन दांडे. हे कारखान्यात जोडलेल्या गाडीचे झाले. म्हणजे दोष जोडणाऱ्याचा नव्हता, जोराच्या मार्गाचा होता.

१८/
फोर्डकडे पर्याय होता, कारखाना होता. तेराशेहून अधिक संख्येने विकल्या गेलेल्या दुसऱ्या आवृत्तीच्या मालकांकडे काय होते? पडवी, टॉर्च आणि शेजारी. त्यांच्यात जो उपाय रूढ झाला, तो पाहण्यासारखा आहे. कवचाच्या मागून एक पट्टी किंवा नळी आडवी नेऊन तिची दोन्ही टोके आसाच्या नळ्यांना वेल्ड करायची. आता कवच वाकू लागले की ही आडवी नळी ताण घेते. जोर कवचातून न जाता त्याला वळसा घालून जातो. कवच जाड केले असते, तर वजन वाढले असते आणि पीळ तसाच राहिला असता. या उपायाने जोराला नवा मार्ग मिळाला.

१९/
बळकटीचे बारकावे आणखी आहेत. दांड्याचा बोल्ट एकाच कानाला लटकवला, तर प्रत्येक धक्क्याला तो वाकतो. तोच दोन कानांच्या मध्ये धरला, तर त्याचे आयुष्य कैक पटींनी वाढते. ब्रॅकेट आसाच्या नळीवर टेकवून चारी बाजूंनी आडवे वेल्ड केले, तर ती रेघच फाटण्याची जागा ठरते. म्हणून ब्रॅकेटाला निमुळते पंख देऊन जोर हळूहळू पसरवायचा. आणि वेल्डिंगची उष्णता निवताना धातू आकसतो, आसाची नळी केळ्यासारखी वाकते. यासाठी थोडे थोडे, आलटून पालटून समोरासमोरच्या बाजूंनी वेल्ड करायचे, मध्ये थांबायचे आणि शेवटी आस सरळ आहे का, ते मोजायचे. न मोजता बसवला, तर आतले बेअरिंग लवकर जाते.

२०/
सर्वांत कठीण धडा शेवटचा. एक जागा बळकट केली की मोडण्याची जागा नाहीशी होत नाही, पुढे सरकते. आस भक्कम झाला की ताण ब्रॅकेटावर जातो. ब्रॅकेट भक्कम केले की सांगाड्याच्या नळीवर. रबरी बुश काढून कठीण सांधा बसवला, तर चाक नेमके धावते, पण रबर जे धक्के गिळत होते, ते आता थेट धातूला बसतात. म्हणून जाणता मनुष्य बळकटी देऊन थांबत नाही. काही महिन्यांनी पुन्हा गाडीखाली जाऊन रंगातील केसाएवढी रेघ शोधतो. रंगाला तडा म्हणजे धातूला तडा जाण्याची पूर्वसूचना.

२१/
हे सारे हौसेचे खेळ वाटत असतील, तर १८ जून १९६० कडे पाहा. बेल्जियममधील स्पा येथे सरावाच्या वेळी स्टर्लिंग मॉसच्या लोटस एटीनचे मागचे चाक पूर्ण वेगात निखळले. मॉसचे दोन्ही पाय मोडले. तीनच आठवड्यांपूर्वी, मोनॅको येथे, याच जातीच्या गाडीने त्याला विजय मिळवून दिला होता. लोटस गाडीचा तो पहिला ग्रां प्री विजय. एटीनच्या मागच्या सस्पेन्शनमध्येही हाफशाफ्टला दुहेरी काम होते. अपघाताचे सारे खापर त्या कल्पनेवर फोडता येणार नाही. पण एवढे निश्चित : भाग जितके कमी, तितके एक भाग मोडल्यावर चाक धरून ठेवणारे काही उरत नाही. हलकेपणाची किंमत असते आणि ती चालक मोजतो.

२२/
घरी बांधणाऱ्यांनी आडव्या जोरासाठी जे दोन जुने उपाय पुनःपुन्हा वापरले, त्यांची वंशावळही रंजक आहे. एक पॅनार्ड दांडा, फ्रान्सच्या पॅनार्ड कंपनीच्या नावाचा. त्याचे एक टोक आसाला, दुसरे सांगाड्याला. साधा, स्वस्त. पण त्याचे टोक वर्तुळाच्या कमानीत फिरते, म्हणून आस खालीवर होताना किंचित आडवाही सरकतो. दांडा जितका लांब आणि आडवा, तितका हा दोष कमी. दुसरा वॅटचा दुवा. जेम्स वॅटने वाफेच्या इंजिनातील दट्ट्याचा दांडा सरळ रेषेत चालवण्यासाठी १७८४ मध्ये पेटंट घेतलेली ही युक्ती. पाणी उपसणाऱ्या यंत्रांच्या काळातील भूमिती दोन शतकांनी गॅरेजात मोटारीचा आस सावरत होती.

२३/
आणि एक नाव. मागची दोन चाके एका पोकळ नळीने जोडायची, पण जड डिफरन्शियल त्या नळीवर न ठेवता सांगाड्याला बांधायचे, ही रचना 'द दियॉन' म्हणून ओळखली जाते. ती १८९० च्या दशकातील वाफेच्या गाड्यांची. कल्पना होती शार्ल त्रेपार्दू या अभियंत्याची. कंपनीने पेट्रोल इंजिनाची वाट धरली, ती त्याला मान्य नव्हती, म्हणून १८९४ मध्ये तो बाहेर पडला. नळीला नाव लागले ते पैसा पुरवणाऱ्या काउंट द दियॉनचे. सस्पेन्शनच्या इतिहासात श्रेय कुणाच्या खाती जमा होते, याचे हे सर्वांत जुने उदाहरण म्हणता येईल.

२४/
१ एप्रिल १९७३ रोजी ब्रिटनमध्ये पर्चेस टॅक्स गेला आणि मूल्यवर्धित कर आला. घरी जोडण्यातील करसवलत संपली. त्याच वर्षी लोटसने सेव्हनचे हक्क केटरहॅम या विक्रेत्या कंपनीकडे सोपवले. तर्काप्रमाणे घरबांधणीची हौस येथे संपायला हवी होती. ती संपली नाही. केटरहॅमने सेव्हनची जुन्या वळणाची तिसरी आवृत्तीच पुढे चालू ठेवली आणि सुट्या भागांच्या रूपातही ती विकली. १९८० च्या दशकात तिच्या मागे आली ती द दियॉन नळी. त्रेपार्दूची कल्पना, नव्वद वर्षांनंतर, चॅपमनच्या सांगाड्यात. कर हे निमित्त होते, हे लोकांनी वागण्यातून दाखवून दिले.

२५/
१९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांचे एक पुस्तक हेन्स प्रकाशनाने काढले. अवघ्या २५० पौंडांत स्वतःची स्पोर्ट्सकार बांधा, असा त्याच्या शीर्षकाचा आशय. सेव्हनच्या धर्तीची ही गाडी 'लोकॉस्ट' म्हणून ओळखली गेली. तिचे मागचे टोक पाहा : भंगारातील फोर्ड एस्कॉर्टचा आस, प्रत्येक बाजूस दोन दांडे, एक पॅनार्ड दांडा, गुंडाळीच्या स्प्रिंगा. ब्रॅकेटे आसाच्या नळ्यांवर, डिफरन्शियलच्या कवचाला ओढ नाही. म्हणजे १९६० ची काटकसर बाजूला ठेवून गाडी १९५७ च्या स्वच्छ विभागणीकडे परतली. चार जोर, चार मार्ग. पुढे मागच्या चाकांवर चालणारे एस्कॉर्ट दुर्मीळ झाले, तेव्हा सिएराचे आणि माझदा एमएक्स-५ चे भाग वापरात आले. भंगार बदलले, तत्त्व राहिले.

२६/
१९९८ पासून ब्रिटनमध्ये अशा एकेकट्या गाड्यांना रस्त्यावर येण्यापूर्वी सरकारी तपासणी लागू झाली, २००९ मध्ये तिची जागा नव्या व्यवस्थेने घेतली. स्वातंत्र्यावर हा घाला होता का? काहींना तसे वाटले. मला मात्र त्यात एक पूर्तता दिसते. ज्ञान आधी हातात होते, मग गप्पांत आले, मग पुस्तकात, मग नियमात. बोल्ट दोन कानांत का धरावा, हे जे एकाने रस्त्याकडेला थांबून शिकले, ते पुढच्याला न थांबता कळू लागले.

२७/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला यातून काय मिळते? जुन्या पोथीच्या समासातील टिपा आपण आदराने वाचतो, कारण मूळ ग्रंथकाराला जे सुचले नाही, ते पुष्कळदा वाचकाने तेथे लिहिलेले असते. जुन्या सेव्हनच्या मागच्या आसावर वेल्ड केलेली ती आडवी नळी हीही समासातील टीपच आहे. तिच्यावर सही नाही. पण ती सांगते : येथे रचना चुकली होती, मला कळले, मी सावरले आणि मग यातून माझ्या माणसांना बसवून नेले. चॅपमनचे चरित्र ग्रंथालयात मिळेल. ही टीप वाचायची, तर गाडीखाली आडवे व्हावे लागते.

लेखनसीमा. शंका, दुरुस्त्या आणि तुमच्या गावच्या गॅरेजातील अशा 'समासातील टिपा' खाली जरूर लिहा.